भावजींनी घराचा ताबा घेतला

माझे भावजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, सैन्यात कर्नल होते. ते गेल्यावर त्यांच्या जुन्या अधिकाऱ्यांच्या मासिकात अर्धं पान मजकूर आला. कुठून कुठे बदली झाली, कोणतं पद मिळालं, पदक कशाबद्दल, सगळं बरोबर होतं. पण भाची म्हणाली, "मामा, यात बाबा कुठेच दिसत नाहीत. तू लिही ना काहीतरी."

मी म्हणालो, "अगं, माझा जन्म पाणीपुरवठा खात्यात गेला. मला पाइप जोडता येतो, वाक्य जोडता येत नाही."

"मग गळकं लिही, पण लिही," म्हणाली.

तेव्हा लिहितो आहे. जे मी पाहिलं आणि जे ताईनं किंवा त्यांनी स्वतः सांगितलं, तेवढंच.

भावजींचे डोळे लहानपणापासून अधू. जाड भिंगांचा चष्मा. भरतीच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, "समोरच्या फळ्यावरची अक्षरं वाचता येतात का?" हे म्हणाले, "कुठला फळा?" लढणाऱ्या तुकडीत जायचा विषय तिथेच मिटला. पण डोकं तल्लख आणि स्वभाव कमालीचा चिवट, म्हणून प्रशासनाच्या शाखेत घेतलं. अन्न, कपडे, अंथरुणं, रॉकेल, वाहनं, राहायच्या जागा. असलं तर कुणाच्या लक्षात येत नाही आणि नसलं तर आधी त्याचीच बोंब होते, असं सगळं त्यांच्या गळ्यात.

ताईचं लग्न ठरत होतं तेव्हा ते पहिल्यांदा आमच्याकडे आले. वडील शिंपी. सैन्यातला जावई म्हणून त्यांच्या मनात काही वेगळंच चित्र होतं. समोर चष्मा लावलेला, काठीसारखा उंच, मिशीचा पत्ता नसलेला माणूस बघून ते जरा हिरमुसले.

"बंदूक चालवता ना?" त्यांनी विचारलं.

"चालवत नाही. पोचवतो," भावजी म्हणाले. "आणि चालवणाऱ्याचं जेवण पोचवतो."

मग सवयीनं वडिलांची नजर गणवेशाच्या बाहीवर गेली. "ही शिवण कच्ची आहे. आत दुमड घातलेली नाही," ते म्हणाले. खरं तर पाहुण्याला असं बोलू नये. पण भावजी चहा बाजूला ठेवून सरसावून बसले. दुमड म्हणजे काय, नसेल तर किती धुण्यांत उसवेल, मशीनवर घालता येते की हातानं, सगळं विचारून घेतलं. कोट काढून उलटा करून दिला. दोघं त्या कोटावर वाकून बसले आणि ताई दारात उभीची उभीच. शेवटी आई म्हणाली, "अहो, ते मुलीसाठी आलेत." वडिलांनी तिथेच होकार दिला. ताई पुढे कितीतरी वर्षं म्हणायची, "माझं लग्न एका बाहीवर ठरलं."

त्यांच्या कामात ताबा घेणं ही मोठी गोष्ट असते. एक अधिकारी बदलून जातो, दुसरा येतो. येणारा जाणाऱ्याकडून सगळं मोजून घेतो आणि सही करतो. एकदा सही झाली की पुढे जे निघेल ते येणाऱ्याच्या डोक्यावर. बहुतेक जण मोजतात आणि सही करतात. भावजी वापरून बघायचे. मोजलेल्या खाटेवर स्वतः झोपायचे, मोजलेले बूट घालून चालून यायचे, जवानांच्या नळाचं पाणी प्यायचे. कारकून मंडळींच्या नाकीनऊ यायचे. पण वापरल्याशिवाय सही नाही म्हणजे नाही.

त्यातूनच त्यांचं पदक आलं. डोंगरातल्या एका उंच ठाण्याचा हिवाळ्याचा साठा त्यांनी ताब्यात घ्यायचा होता. बर्फ पडलं की रस्ता बंद, मग वसंतापर्यंत जे आत आहे त्यावरच काढायचं. जाणारा अधिकारी रजेवर निघायच्या तयारीत, सामान बांधून बसलेला. स्टोव्ह, रॉकेल, कांबळी, सगळी मोजणी चोख. भावजी म्हणाले, "मोजणी बरोबर आहे. पेटतात का?"

तो म्हणाला, "स्टोव्ह आहेत. पेटतीलच ना."

भावजींनी पेटवून बघितले. पेटले. मग बराकीत पेटत्या स्टोव्हजवळ झोपले. पहाटे सगळे विझलेले. तिथल्या थंडीत पंपातला चामड्याचा वायसर आकसायचा आणि हवा धरायचाच नाही. वायसर म्हणजे अंगठ्याएवढी वस्तू. भावजींनी सही करायला नकार दिला. वरिष्ठांचा फोन आला. काय म्हणून एवढा तमाशा, सही करा आणि मोकळे व्हा. भावजी म्हणाले, "करतो साहेब. फक्त आपण एकदा इथे मुक्कामाला या."

साहेब आले नाहीत, पण दुसऱ्या प्रकारचे वायसर आले. शेवटच्या गाड्यांबरोबर. त्या वर्षी बर्फ लवकर पडलं आणि रस्ता कितीतरी आधी बंद झाला. वसंतात वाट उघडली तेव्हा ठाण्यावरचा एकही माणूस दगावला नव्हता, कुणाचं बोट गेलं नव्हतं. जवान त्यांना 'स्टोव्हसाहेब' म्हणायला लागले आणि सरकारनं छातीवर पदक लावलं.

मी एकदा विचारलं, "भावजी, पदक नक्की कशाबद्दल हो?"

ते विचार करून म्हणाले, "काहीच घडलं नाही, त्याबद्दल."

पण त्या जाणाऱ्या अधिकाऱ्याची रजा त्या भानगडीत हुकली आणि आईच्या ऑपरेशनला तो पोचू शकला नाही. आई बरी झाली, पण त्यानं भावजींशी बोलणं टाकलं ते टाकलंच. भावजींनी त्याला दोनदा पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. पदकाचा विषय निघाला की ते हेही सांगायचे. एक सांगून दुसरं गाळायचे नाहीत.

आता ताईविषयी. भावजींच्या प्रत्येक बदलीबरोबर तिचा संसार काळ्या ट्रंकांत भरून निघायचा. सरकारी घरात स्वतःचं असं काही नसतं. टेबल, खाटा, खुर्च्या सगळं सरकारी, प्रत्येकाच्या पायावर रंगानं नंबर घातलेला. भाची लहानपणी आमच्याकडे आली की खुर्च्यांखाली वाकून बघायची. "मामा, तुमच्या खुर्चीचा नंबर पुसला गेलाय," असं तिनं मला गंभीरपणे सांगितलं होतं.

ताई बुटकी. आणि सरकारी स्वयंपाकघरातले ओटे कुणा सहाफुटी माणसाला डोळ्यासमोर ठेवून बांधलेले असावेत. ताईनं उभा जन्म लाकडी ठोकळ्यावर उभं राहून स्वयंपाक केला. ठोकळासुद्धा ट्रंकेतून बरोबर हिंडायचा. तिचं एकच मागणं होतं. निवृत्तीनंतर एक घर हवं, तिच्या उंचीच्या ओट्याचं, आणि तिथून परत म्हणून हलायचं नाही. भावजींनी शब्द दिला होता.

ते घर मी बांधून घेतलं. म्हणजे बांधलं गवंड्यानं, मी उभा होतो. आमच्या मागच्याच गल्लीत जागा मिळाली. ओट्यासाठी ताईला उभं करून गवंड्यानं तिच्या कोपरापासून माप घेतलं. तो म्हणाला, "साहेबांना इथं काम करायचं झालं तर कमरेत मोडतील."

ताई म्हणाली, "मोडू देत. माझी मोडून झाली."

भावजी निवृत्त होऊन आले, गाडीतून उतरले आणि हात मागे बांधून घराच्या पाहणीला निघाले. दोन तास. भिंतीवरचे ओरखडे, न बसणारी कडी, फरशीचा टवका, सगळं बघून झाल्यावर मला म्हणाले, "मेहुणे, उत्तरेकडच्या खिडकीत फट आहे. आधीपासूनची आहे, हे तुमच्या लक्षात असू द्या."

"भावजी, घर तुमचंच आहे. फट आधीची असो की नंतरची, ती तुमचीच."

"हो, हो," म्हणाले. पण पटलेलं दिसलं नाही.

मला आधी हे सगळं गमतीचं वाटायचं. भिंतीत खिळा मारायचा नाही, तसबिरी जमिनीवर टेकवून ठेवलेल्या. ट्रंका अर्ध्याच उघडलेल्या. एक दिवस गेलो तर भावजी नव्या खुर्च्या उलट्या करून पायांवर नंबर घालत होते. ताईनं कपाळाला हात लावला. "अहो, हे कुणाला मोजून द्यायचंय?" तर म्हणाले, "सोपं पडतं."

मग ती सुट्टी आली. भाचीकडे महिनाभर राहायला जायचं ठरलं. भावजींनी आवराआवर अंगावर घेतली. निघायच्या दिवशी मला किल्ल्या दिल्या, हस्तांदोलन केलं. शेजारच्या निवृत्त मास्तरीणबाईंचा निरोप घेतला. घर असं धुऊनपुसून ठेवलं होतं की जणू तिथे कुणी राहिलंच नव्हतं. मला वाटलं, शिस्तीचा माणूस. महिन्यानं मी त्यांना उतरवून घ्यायला गेलो, कुलूप काढलं, ताईनं दिव्याचं बटण दाबलं. दिवा नाही. नळ सोडला. पाणी नाही. दूधवाला येईना, पेपर येईना. मी आपला फ्यूज बघतोय, व्हॉल्व्ह बघतोय, काही कळेना. शेवटी माझ्या जुन्या कचेरीत गेलो. तिथला कारकून मोठ्या खुशीत म्हणाला, "साहेब, तुमच्या भावजींचं काम म्हणून एका दिवसात करून दिलं. कनेक्शन बंद!"

झालं होतं असं की भावजींनी घर सोडलं होतं. रीतसर. आयुष्यभर प्रत्येक बदलीला जसं सोडायचे तसं. पाणी बंद, वीज बंद, दूध बंद, सगळ्यांची बाकी चुकती. त्यांच्या हातापायांना दुसरं काही माहीतच नव्हतं. त्यांना स्वतःलाही हे परत येईपर्यंत जाणवलं नव्हतं. मास्तरीणबाई कुंपणावरून म्हणाल्या, "अय्या, तुम्ही परत आलात? मी तर निरोप देताना रडले हो!"

भावजी खजील होऊन हसले. मीही हसलो. ताई मात्र हसली नाही. ती स्वयंपाकघरात गेली, कोरड्या नळाखाली हात धरून उभी राहिली आणि रडायला लागली. तिला मी बदल्यांच्या वेळी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

"एवढ्याशा गोष्टीला काय रडतेस? उद्या सगळं सुरू करून देतो," मी म्हणालो.

"पाण्याचं नाही रे," ती म्हणाली. "हा माणूस इथं राहतच नाही. हा इथून पुढं कुठं जायचंय त्याची वाट बघतोय."

आणि तसंच झालं. पंधरा-वीस दिवसांत भावजींना बोलावणं आलं. जखमी आणि निराधार झालेल्या जुन्या सैनिकांसाठी एक वसतिगृह होतं, बसनं दोन-अडीच तासांवरच्या गावात. तिथला कारभार पार विस्कटला होता. भावजींनी येऊन तो सावरावा, राहायला बंगला मिळेल. भावजींच्या चेहऱ्यावर तकाकी आली. ताईसमोर ते हे सगळं सांगत होते तेव्हा मी तिथेच होतो. सांगता सांगता त्यांनी सवयीनं विचारलं, "ट्रंका कधी भरायला घेशील?"

ताई तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. "तुमची भरून देते. मी येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे येत नाही. काम चांगलं आहे, तुम्ही जा. मी इथं राहते."

एवढ्या वर्षांत हलायचा हुकूम आल्यावर कुणी नाही म्हटलेलं भावजींनी पाहिलंच नव्हतं. संध्याकाळी ते माझ्याकडे आले. "मेहुणे, तुमची ताई रागावली आहे का?"

"नाही."

"खरंच?"

"रागावली असती तर सोपं होतं भावजी. राग जातो."

ते चष्मा पुसत बसले. मी चहा करून दिला. कप रिकामा झाल्यावर ते म्हणाले, "त्या वसतिगृहात माणसं ओल्या गाद्यांवर झोपतात. मी बघून आलोय. मला ते सोडवत नाही."

"आणि ताई?"

"तिला दिलेला शब्दही आहेच," ते म्हणाले आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईनं मला बोलावून घेतलं. भावजींनी ठरवलं होतं, ताई एकटी राहणार तर घर तिच्या हाती रीतीप्रमाणे द्यायचं आणि साक्षीला मी. तिघंही पुढच्या दारापासून निघालो. भावजी पुढे. "दर्शनी दार. कडी नवी. खालच्या बाजूला ओरखडा."

"दार पावसात फुगतं," ताई म्हणाली. "ओढायचं नाही, खालून पायानं थोडं उचलायचं."

भावजी थांबले. "हे मला माहीत नव्हतं."

"तुम्ही दर वेळी ओढता. म्हणून तो ओरखडा."

पुढे खोली आली. भावजी म्हणाले, "खिडकी, उत्तर बाजू, फट." ताई म्हणाली, "त्या फटीतून सकाळी मास्तरीणबाईंचा रेडिओ ऐकू येतो. म्हणून मी ती बुजवू दिली नाही." न्हाणीघरात ते नळ मोजायला लागले, तर ती म्हणाली, "डावीकडचा घट्ट फिरवला तर गळतो. सैल सोडला तर गळत नाही." मी पाणीपुरवठ्यातला माणूस, मलाही हे माहीत नव्हतं. मागच्या खोलीत दुपारी ऊन कुठपर्यंत येतं, गच्चीवर कुठल्या कोपऱ्यात वारा असतो, जिन्याची कुठली पायरी इतरांपेक्षा थोडी उंच आहे, ती सांगत गेली आणि भावजींचा आवाज हळूहळू बंद झाला. आता ताई पुढे आणि आम्ही दोघं मागे असे चालत होतो. स्वयंपाकघरात ती ओट्यापाशी नुसती उभी राहिली. कोपर टेकवून. तिथे तिनं काही सांगितलं नाही.

भावजी दारातच थांबले. मग माझ्याकडे वळून हळू म्हणाले, "मेहुणे, आपण काय द्यायला निघालोय? ताबा तर तिनं केव्हाच घेतलाय. मी आपला अजून पाहणीच करतोय."

ताई पाठमोरी होती, पण तिनं ऐकलं असणार.

भावजींनी घसा साफ केला. "इथे," ते म्हणाले, "मला राहायला जागा मिळेल का?"

ताई वळली. तिचे डोळे भरलेले होते, पण तोंड अगदी कारकुनासारखं कोरं ठेवून म्हणाली, "अर्ज करा. बघू."

मी तिथून सटकलो. पुढे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, माहीत असतं तरी लिहिलं नसतं. पण त्याच आठवड्यात भावजींनी वसतिगृहाच्या लोकांना कळवलं की काम घेतो, बंगला घेत नाही. सोमवारी सकाळच्या बसनं येईन, गुरुवारी दुपारच्या बसनं जाईन, आणि तिथे झोपायला त्या सैनिकांच्याच खोलीत एक खाट पुरे. त्या लोकांनी कुरकुर केली. मोठा अधिकारी, पदकवाला, आणि बसनं ये-जा करणार, शोभेल का? भावजी म्हणाले, "गादी कोरडी असली म्हणजे झालं."

पहिल्या सोमवारी मी त्यांना बसपर्यंत सोडायला गेलो. हातात एकच कापडी पिशवी, तीत कपड्यांचा एक जोड आणि ताईनं दिलेला डबा. फाटकापाशी मास्तरीणबाई उभ्याच. "काय कर्नलसाहेब, पुन्हा निघालात? खरं सांगा, या वेळी रडायचं का नाही?"

"नका रडू," भावजी म्हणाले. "कामाला चाललोय. गुरुवारी आहेच मी."

गुरुवारी मी मुद्दाम ताईकडे जाऊन बसलो. ती काही दाखवत नव्हती, पण दोनदा फाटकापर्यंत जाऊन आली. बस उशिरा आली असावी. भावजी धुळीनं माखून आले. आल्याबरोबर पाहणी करायचे, ती केली नाही. पिशवी टेबलावर टाकली, गाद्या उन्हात घातल्या, सगळ्या, असं काहीतरी सांगत खुर्चीत बसले. ताई चहा ठेवायला आत गेली. मी गाद्यांची संख्या विचारली तर उत्तर नाही. बघतो तर मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून भावजी झोपले होते.

मी त्यांना दिवसा झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. ताई चहा घेऊन आली, त्यांच्याकडे बघत थोडा वेळ उभी राहिली. मग तिनं त्यांच्या नाकावरचा चष्मा अलगद काढून घेतला आणि तो चहा मला दिला.

मी विचारलं, "उठवू का?"

"कशाला?" ती म्हणाली. "हळू बोल. कुठं जायचंय त्यांना."